इथून पुढे उघडच आहे

सेहेचाळीस पानांचा मसुदा आलाय दिल्लीहून,
उच्च शिक्षणातल्या ई-लर्निंगचं राष्ट्रीय धोरण.
हरकती आणि सूचना एकतीस तारखेच्या पाचपर्यंत,
चौकटीमागे अडीचशे अक्षरं,
मोकळ्या जागा धरून.
प्राचार्य म्हणाले, भरून टाका काहीतरी मॅडम,
नॅकच्या फाइलीला लागतं.

मी अर्धापूरला गणित शिकवते,
तासिका तत्त्वावर, अकरावं वर्ष.
मसुद्यात मला आशय-निर्माती म्हटलंय.
आवडला शब्द. घरी जाऊन सांगितला.
सासूबाई म्हणाल्या, मग पगार वाढला का?

पहिली चौकट: पायाभूत सुविधा.
जुन्या नियतकालिकांच्या खोलीत
दोन सोलापुरी चादरी टांगून आम्ही स्टुडिओ केलाय.
किशनमामा दाराबाहेर उभे राहतात,
केळीचा ट्रॅक्टर दिसला की हात वर करतात.
मी एप्सिलॉनवर थांबते.
ट्रॅक्टर नांदेडच्या अंगाला निघून जातो.
मी एप्सिलॉनपासून पुढे.
हे अडीचशे अक्षरांत बसेना.
समाधानकारक, असं लिहिलं.

दुसरी: मानधन.
एकदा मुद्रित केलेला तास
चारशे जणांनी पाहिला, तर तो किती तास धरायचा?
लिहिलं. वाचलं. खोडलं.
अकराव्या वर्षी माणूस स्वतःच खोडायला शिकतो.

तिसऱ्या चौकटीला आकडे हवे होते,
म्हणून पहिल्यांदाच उघडल्या मी
पाहणाऱ्यांच्या नोंदी.
बहुतेक जण चौथ्या मिनिटाला उठून गेलेले.
मीही गेले असते.
एक मात्र थांबलेली.
चौदा मिनिटं, बावीस सेकंद.
तिथून मागं, पुन्हा तिथंच,
एका रात्रीत एकोणीस वेळा.
तस्लीम बागवान, द्वितीय वर्ष.

वडिलांच्या केळी पिकवायच्या गोदामात
ती संध्याकाळनंतर हिशेब लिहिते.
आत गारठा आणि रेंज नाही.
दारात येऊन उभं राहिलं तर एक काडी,
कितीही लहान, पण शून्याहून मोठी.
वर्गात आली तर तिसऱ्या बाकावर,
'कळलं का?' म्हटलं की
सगळ्यांच्या 'हो'मध्ये तिचाही एक 'हो'.

मी लावून पाहिलं चौदा-बावीस.
हातात खडू, तोंड अर्धं फळ्याकडे,
आणि मी म्हणतेय,
'इथून पुढे तर उघडच आहे.'

फोन केला.
तस्लीम म्हणाली, मॅडम, मला वाटलं
मधला तुकडा रेंजनं खाल्ला.
म्हणून पुन्हा पुन्हा लावायले.
तुमचं चुकलं असं कसं वाटंल मला?

अकरा वर्षं मी हा शब्द
ओढ्यावर फळी टाकावी तसा टाकत आले,
आणि टाकून पलीकडे निघून गेले.
मागं कोण आलं, कोण अलीकडेच उभं राहिलं,
मान डोलावत,
कधी दिसलंच नाही.
फळ्याकडे तोंड असतं ना.

रात्री ती पायरी मांडायला बसले.
सात ओळी निघाल्या.
चौथ्या ओळीवर मीच अडकले.
माळ्यावरची एमएस्सीची वही काढली, तर तिथं
माझ्याच कोवळ्या अक्षरात, सरांनी सांगितलेलं,
अधोरेखित:
'उघड.'

आता एकतीस तारीख, साडेचार.
शेवटची चौकट: अन्य सूचना.
खूप काही लिहिता आलं असतं,
प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो वगैरे,
पण ते दिल्लीला आवडलं असतं,
म्हणून लिहिलं नाही.
कर्सर लुकलुकत राहिला.

मी चादरी झटकून पुन्हा टांगल्या.
सात ओळी फळ्यावर आधीच लिहून ठेवल्या,
म्हणजे तोंड इकडे राहील.
किशनमामा, बघा जरा बाहेर,
ट्रॅक्टर आहे का?

नाही?
मग तस्लीम, चौदा-बावीसपासून.